हेल्मेटमधले अण्णा

सांगलीच्या रस्त्यावर वृंदाची मोटारसायकल पुढच्या उसाच्या ट्रॉलीला जरा जास्तच चिकटली, तसे तिच्या आणि मागे बसलेल्या आईच्या हेल्मेटांत अण्णा खेकसले, “अगं पोरी, मागं राहा! ऊस छातीत घुसेल!”

वृंदाने चटकन वेग कमी केला. अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. धोक्याचा इशारा देणाऱ्या या हेल्मेटांत वडलांचा आवाज ते असतानाच तिने भरून घेतला होता; पण हेल्मेट चूक झाली तरच बोलायचं, आणि अण्णांनी तिला गाडी अशी शिकवली होती की चूक व्हायचीच नाही.

आई एरवी काटा चाळिशीपुढे गेला की देवाचा धावा करायची. आज तिने लेकीचा खांदा घट्ट धरला.

“वृंदे, अजून एकदा जा ना जवळ.”