ढाल अंकिताताईंची

बुद्धप्रियानं बरोबरीचा रॅक, म्हणजे डाव, जिंकला तेव्हा अंकितानं टाळ्या वाजवल्या, पण तळव्यांचा आवाज होऊ दिला नाही.

आता शेवटचा रॅक. नऊ नंबरचा बॉल जी टेबलाच्या खिशात टाकेल तिचं विजेतेपद. भवानी पेठेतल्या सिद्रामप्पांच्या पूल हॉलमध्ये, जिथं पूर्वी यंत्रमाग खडखडायचे, तिथं आज बसायला खुर्ची मिळत नव्हती. बहुतेक माणसं बुद्धप्रियाचा खेळ बघायला आली होती, आणि हेच अंकिताला सलत होतं. ही पोर शाळेच्या दप्तरासह हॉलच्या दारात उभी राहायची तेव्हा अंकिता सोलापूरची अव्वल खेळाडू होती. मागून आली आणि बघता बघता डोक्यावर बसली. गेली सहा वर्षं ट्रॉफी तिच्याच घरी जात होती.

अंकिताकडे ट्रॉफी नव्हती. तिच्याकडे फोटो होता.

समोरच्याच भिंतीवर, सिद्रामप्पांच्या गल्ल्यामागं तो लावलेला होता. सहा वर्षांपूर्वीची अंतिम फेरी, याच दोघींची. अंकिताचं नुकतंच लग्न झालं होतं. फोटोत ती टेबलाशी हात वर करून उभी आहे, अंगात हॉलचा निळा टीशर्ट, उंचावलेल्या हातावर कोपरापर्यंत रंगलेली मेंदी, आणि चेहऱ्यावर कसलीशी शांती. ‘फाऊल, माझी बाही बॉलला लागली,’ असं तिनं म्हटलं तोच तो क्षण. कुणीच काही पाहिलं नव्हतं. पण फाऊल ज्याचा त्यानं सांगायचा, हा हॉलचा रिवाज. फाऊल झाला की पांढरा बॉल समोरच्याला हवा तिथं ठेवता येतो; तो बुद्धप्रियाच्या हातात गेला आणि ती जिंकली.

नाव मात्र अंकिताचं झालं. पेपरात फोटो आला. शाळेनं बोलावून क्रीडाशिक्षिकेची नोकरी दिली. संघटनेनं खिलाडूवृत्तीची ढाल सुरू केली, तिला सगळे ‘अंकिताताईंची ढाल’च म्हणतात. त्या वेळी आपल्यापुढं धड फटकाच उरला नव्हता, हे अंकिता भाषणात मोकळेपणानं सांगायची. पण अडचणीतच माणसाची पारख होते, असंही पुढं जोडायची. मुलं टाळ्या वाजवायची. बुद्धप्रियाची पहिली ट्रॉफी ताईंनी दिलेली, असं लोक अजून बोलतात, आणि ते ऐकलं की अंकिताला बरं वाटायचं.

पण बरं वाटणं वेगळं आणि जिंकणं वेगळं. एकदा तरी ही पोर आपल्यासमोर हरली पाहिजे, एवढीच तिची इच्छा उरली होती.

बुद्धप्रिया खेळत राहिली. एक, दोन, तीन, चार, पाच, बॉल निमूट खिशात जात होते. अंकिता खुर्चीत बसून मनातल्या मनात तिचा फटका चुकवत होती. चुकेना. सहा नंबरचा बॉल टेबलाच्या मधोमध होता. बुद्धप्रिया वाकली, डावा हात त्याच्या शेजारी टेकवला, क्यूची काठी मागं घेतली आणि थांबली.

मग सरळ झाली आणि हात वर केला.

“फाऊल. माझी बाही लागली बॉलला.”

सिद्रामप्पा गल्ल्यामागून पुढं आले. “नक्की का, पोरी? हितं कुणालाच दिसलं न्हाई की.”

“मला दिसलं, काका.”

अंकितानं पांढरा बॉल उचलून हवा तिथं ठेवला. चार बॉल उरले होते, तिनं चारही टाकले. नऊ नंबरचा बॉल खिशात पडला आणि टाळ्यांनी हॉल दणाणला.

टाळ्या बुद्धप्रियासाठी होत्या.

“अंकिताताई, ट्रॉफी तुमची,” सिद्रामप्पा म्हणाले. “पण आजची ढाल या पोरीची. लई मोठं मन दाखवलं.” माणसं बुद्धप्रियाभोवती जमली. कुणी मोबाइल पुढं केला, कुणी तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. मीनाबाई पलीकडून पदरानं डोळे पुसत होत्या. ट्रॉफी छातीशी धरून अंकिता बाजूला उभी होती आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. इतकी वर्षं जे हवं होतं ते हातात होतं, आणि जे होतं ते ही घेऊन चालली होती.

गर्दी चहाकडं वळली तशी ती बुद्धप्रियापाशी गेली.

“खोटं बोललीस तू.”

बुद्धप्रिया क्यू पुसत होती. “काय खोटं, ताई?”

“बॉल तुझ्या बोटांपाशी होता. टीशर्ट अर्ध्या बाहीचा. कोपराच्या वरची बाही बॉलला लागेल कशी? बाकीच्यांना फसव, मला नाही. आत्ता सगळ्यांना बोलावून सांगते.”

बुद्धप्रिया घाबरली नाही. तिनं क्यू पिशवीत ठेवला, चेन ओढली.

“सांगा की. मी नाही म्हणणार नाही. कुणीतरी हे एवढं विचारावं म्हणून सहा वर्षं थांबले मी.” तिनं गल्ल्यामागच्या भिंतीकडं पाहिलं. “फक्त सांगताना त्या फोटोखाली उभ्या राहू नका, ताई. तुमची मेंदी पार कोपरापर्यंत दिसतीय.”