परवा नक्की

मी गावचा शिंपी. यंदा हौसेनं गावच्या निवडणुकीला उभा राहिलो. दारोदार हात जोडून सांगायचो, "सहा महिन्यांत रस्ता करून देतो." उत्तर एकच यायचं, "आधी माझी पँट द्या. दोन महिने तुमचं 'परवा नक्की' ऐकतोय."

बायको म्हणाली, "ज्याला वेळेत बाही जोडता येत नाही, तो रस्ता काय जोडणार?"

मुकाट्यानं प्रचार गुंडाळला आणि मशीनवर बसलो. पंधरा दिवसांत वर्षभराचे तुंबलेले कपडे शिवून, इस्त्री करून घरपोच दिले. तरी निकालात सपशेल आपटलो.

शेजारच्या वहिनी धीर द्यायला आल्या.


"वाईट वाटून घेऊ नका, भाऊजी. पुढच्या निवडणुकीलाही उभे राहा. धाकटीच्या लग्नाचे कपडे मी तेव्हाच शिवायला टाकणार आहे."