गेलेल्या माणसाचा अहवाल

तपासणीसाठी रक्त काढणं बंद होऊन वीस वर्षं झाली होती. घरातल्या जेवणाखाणावरून सरकारी सूत्रच प्रत्येकाच्या वाईट कोलेस्टेरॉलचा अंदाज सांगायचं. हृदयविकारानं हेमलतेचा नवरा विश्राम जाऊन तीन महिने झाले, तरी त्याचा अहवाल येतच होता : "प्रकृती उत्तम."

या खेपेला लेकीच्या, मृण्मयीच्या अहवालातही तेच शब्द होते. हेमलतेनं अहवाल बाजूला ठेवला. ती पूर्वी प्रयोगशाळेत होती. तिनं सीलबंद सुई आणि रक्त तपासायचं जुनं यंत्र बाहेर काढलं.

"आई, दुखेल का गं?"

"मुंगी चावल्यासारखं."

सूत्राचा अंदाज होता चौऱ्याण्णव, शंभराच्या आतला म्हणून उत्तम. यंत्रानं थेट मोजून दोनशे ऐंशी दाखवलं.

हेमलतेनं मुलीला घट्ट जवळ घेतलं. "हे जेवणातून नाही, वारशानं आलंय; पण औषधानं उतरतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं मात्र मी कधी मोजलंच नाही."