मंडळीचं एकुलतं पुस्तक

नझीरनं छपाईच्या खिळ्यांच्या पेटीवरची धूळ फुंकली आणि स्वतःच खोकत सुटला. बत्तीस साली कष्टकरी प्रकाशन मंडळीच्या दाराला लागलेलं सरकारी सील आज पाच वर्षांनी निघालं होतं. यंत्र गंजलं होतं, पण अक्षरांचे खिळे शाबूत होते. नव्हतं ते फक्त पुस्तक. मंडळीनं आयुष्यात एकच छापलं, ‘आमची मिठागरं’. छापील प्रती आणि हातानं लिहिलेली वही, दोन्ही जप्तीत गेल्या त्या गेल्याच. तेच नसेल तर दार उघडून उपयोग काय, असं त्याला झालं.

“आता छापू काय, कपाळ?”

“तेच छाप,” ओटीवर बसलेली नीराबाई म्हणाली. “मी सांगत्ये, तू जुळव.”

नझीरला हसू आलं. म्हातारीला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं. सभासद झाली तीही अंगठा उठवून. पण हसता हसता त्याला मंडळीचा नियम आठवला. सभासदांना वाचून दाखवल्याशिवाय एक अक्षरही छापायचं नाही! आणि सभासद सगळे मिठागरात राबणारे, अक्षरशत्रू. त्यामुळे याच ओटीवर नझीरनं ते पुस्तक सबंध वाचलं होतं, एकदा सोडून तीनदा. घशाला कोरड पडायची. त्यातून नीराबाईचा नवरा बुधाजी कानानं अधू. खांबाला टेकून बसायचा आणि दर चार ओळींमागं हात वर करायचा, “पुन्ना वाच.” एकदा नझीर भडकलाच, “बुधाजीकाका, या चालीनं पुस्तक कयामतीला निघंल!” सगळी ओटी हसली, सगळ्यांत मोठ्यानं बुधाजी. काय दिवस होते ते, आणि आपण मेले चिडत बसलो.

बुधाजीला जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

नझीरनं पेटी ओढत ओटीवर आणली. नीराबाईनं डोळे मिटले.

“‘पहाटे आम्ही खाऱ्या पाण्यात उतरतो. आमच्या पायांना भेगा पडतात, त्या भेगांत मीठ भरतं...’”

शब्द न् शब्द तोच. नझीरची बोटं भराभर खिळे उचलू लागली. इतक्या वर्षांनीही पेटीतला एकही खण चुकला नाही.

“‘मीठ आम्ही पिकवतो, आणि आमच्या कालवणाला मीठ दुकानातून विकत आणतो.’”

इथं ती थांबली. नझीर वाट पाहत राहिला.

“काकी, इसरलीस काय?”

“न्हाय रे. इथं ह्यांनी हात वर केला व्हता.”

नझीरनं जुळवलेली ओळ उजेडाकडे धरली. मग खांबाकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, ती पुन्हा वाचली.