पी बघू

“पी बघू.”

गुरुलिंगअप्पांनी पाण्याचा पेला नातीच्या हातात दिला आणि तिच्या गळ्याकडं टक लावून बसले. सात वर्षांच्या काव्यानं पेला बाजूला सारला.

“नको.”

अप्पांनी पेला पुन्हा पुढं केला. “का नको?”

“आत्ताच दूध प्याले की, आज्जा.”

“एक घोट पी. माझ्यासाठी.”

ती प्याली. अप्पांचा जीव भांड्यात पडला.

अठ्ठावीस दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं. शुक्रवार पेठेतल्या बोळात पिसाळलेल्या कुत्र्यानं पोरीची पोटरी धरली, तेव्हा अप्पांनीच त्याचा जबडा फाकवून तिला सोडवलं. शेजारीण चुना घेऊन धावली. अप्पा तिच्यावर असे उखडले की बाई अजून बोलत नाही. त्यांनी नळाखाली साबणानं पोरीचा पाय पाव तास धुतला, आपल्या डाव्या हाताच्या बोटावर खरचटलं होतं तिथं विभूती चोळली आणि रिक्षा गाठली.

“ह्या विषाणूला नंतर औषध नाही,” दवाखान्यात शिवानी सिस्टर म्हणाल्या होत्या. “पाण्याला भ्यायला लागलं की माणूस हातचा गेला. चारही सुया वेळेवर घ्या. अजून कुणाला चावलंय?”

“न्हाय, न्हाय. हिला बघा आदी.”

तेव्हापासून अप्पांची झोप उडाली होती. पोरगी साधी शिंकली तरी ते दचकत. विसाव्या दिवशी तिला कणकण आली, तेव्हा तर रात्रभर उशाशी बसून राहिले. निघाली साधी सर्दी.

“मामा, दोन दिस झालं, तुमी धड जेवत न्हाय,” सूनबाई सिद्धेश्वरी म्हणाली. “अंगबी तापलंय तुमचं.”

“काळजीनं आलंय ते. शेवटची सुई होऊ दे, मग जेवतो की.”

डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. आपल्या किराणा दुकानात दिवसभर पुड्या बांधायच्या म्हटल्यावर हात भरून यायचाच. त्यांनी तो झटकला आणि पोरीला घेऊन निघाले.

चौथी सुई टोचून सिस्टर हसल्या. “झालं अप्पा. आता घोर सोडा.”

अप्पांना भर दवाखान्यात रडू आलं. लाजही वाटली नाही.

लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंबही घेत नसत. घरी येताच बसले. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं. हाताला अजून मुंग्या होत्या, तरी पूजा नीट झाली. पोरगी वाचली, याहून काय मागायचं?

काव्यानं तीर्थाची वाटी त्यांच्यापुढं धरली. रोजचा खेळ तिला आता पाठ झाला होता.

“आता तुझी पाळी, आज्जा. पी बघू.”

अप्पांनी हसत वाटी ओठांशी नेली. पाणी जवळ आलं मात्र, त्यांचा गळा करकचून आवळला गेला.