चांगुणाबाईंचा जबडा

बंदरावर मासळीचा लिलाव पुकारता पुकारता चांगुणाबाईंचा जबडा अडकला. कळ कानापर्यंत गेली आणि तोंड बोटभरही उघडेना. शेजारी उभ्या असलेल्या सुनेनं, दर्शनानं, त्यांना रिक्षात घालून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

दुखणं जुनंच होतं; कळ थांबावी म्हणून चांगुणाबाईंनी आधीच एक दाढ काढून घेतली होती. कळ मात्र तशीच होती.

"आता सगळेच काढणार का?" त्यांनी मिटल्या दातांतून विचारलं.

"एकही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं दाताचं नाही, जबड्याच्या सांध्याचं आहे. पण दात फार झिजलेत. झोपेत दात खाता का?"

"भिंतीपलीकडे ऐकू येतं," दर्शना म्हणाली. "हे बोटीवर गेले की जास्तच."

चांगुणाबाईंनी मान खाली घातली. मुलगा समुद्रावर असताना जिवाला लागलेला घोर त्यांनी कुणाला कधी सांगितला नव्हता.

झोपताना दातांवर बसवायची पट्टी, गरम शेक, जबड्याचा हलका व्यायाम, मऊ जेवण आणि काही दिवस पुकारा बंद, असा उपचार ठरला.

लिलावाला दर्शना उभी राहिली. तिचा पहिला पुकारा कुणाला ऐकूच गेला नाही. चांगुणाबाई बोटांनी भाव दाखवत राहिल्या, तसा तिचा आवाज चढत गेला. संध्याकाळी सासूला शेक देताना दोघी बोटीवरच्या माणसाबद्दल बोलू लागल्या.

हळूहळू जबडा मोकळा झाला. चांगुणाबाई पुन्हा पुकारायला आल्या, तेव्हा दर्शना बाजूला सरकली.

"तू कुठं निघालीस?" त्या म्हणाल्या. "इथं तूच पुकार. मी पलीकडच्या बोटीचा लिलाव घेते."