दोनच माणसं

नवव्या मजल्यावरच्या बाई आत शिरल्या, तसा मामांनी लिफ्टचा जाळीचा दरवाजा ओढून घेतला आणि मागच्या साहेबांना हात जोडले. साहेबांचा एक पाय आत आलाच होता, तो त्यांनी मागे घेतला. त्यांच्या मागे पार फाटकापर्यंत रांग. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, कोण किती चिडलंय ते कळायची सोय नव्हती. पण मामा तेवीस वर्षं लिफ्ट चालवत होते. त्यांना नुसत्या भुवया पुरत होत्या.

चार महिन्यांनी इमारत उघडली होती. लिफ्टच्या दारावर कागद लागला होता: एका वेळी दोनच माणसं. शिपाई, झाडूवाल्या, चहावाला यांच्यासाठी कागद नव्हता. त्यांनी जिना चढायचा, हे तोंडीच सांगून झालं होतं. आदल्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी मामांच्या हातात प्लॅस्टिकची पिवळी पावलं दिली. मामांनी गुडघे टेकून ती फरशीला चिकटवली. एक जोडी या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, बोटं भिंतीकडे. सकाळी बटणांजवळच्या जोडीवर ते स्वतः उभे राहिले. एक आपण, एक वर जाणारा. झाली दोन. नियम म्हणजे नियम.

एकेकाला वर सोडायचं आणि रिकामी लिफ्ट खाली आणायची. रांग कसली हलतेय!

मामांना त्या रांगेचा राग नव्हता. उलट किती दिवसांनी माणसं दिसत होती. बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली ती सगळं बंद झाल्यावर तिकडेच अडकली. मामा जिन्याखालच्या खोलीत एकटे. ती खोली नोकरीबरोबर मिळालेली. रोज सकाळी दहा वाजता ते रिकामी लिफ्ट वर-खाली करत, यंत्र गंजू नये म्हणून. प्रत्येक मजल्यावर दार उघडायचं. सवयीने म्हणायचं, “सातवा.” कुणी उतरत नसे. दार लावायचं, पुढे जायचं. एकदा आपलाच आवाज ऐकून ते दचकले, आणि मग कितीतरी वेळ स्टुलावर नुसते बसून राहिले. माणूस एक वेळ उपाशी राहील हो, पण बोलायला कुणी नाही म्हटल्यावर जीव कशात रमवायचा?

म्हणून आज त्यांनी गुळगुळीत दाढी केली होती. गणवेशाला इस्त्री केली होती. कुणी विचारलंच तर दाखवायला नातवाचा फोटो वरच्या खिशात ठेवला होता. पूर्वी तळापासून नवव्यापर्यंत जाताना लोक त्यांना काय काय सांगत. मुलांचे मार्क, सासूचं दुखणं, साहेबाच्या चुगल्या. मामा या हाकेचं त्यांना फार अप्रूप होतं. आज अकरा जण वर गेले. अकराही जण भिंतीकडे तोंड करून, श्वास कोंडून उभे राहिले. एकानेही मामा म्हटलं नाही. मामांना वाईट वाटलं. मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, पहिला दिवस आहे, घाबरलीत बिचारी.

बाराव्या खेपेला ते खाली आले, तेव्हा रांगेतून कुणीतरी म्हणालं, बटण दाबायला माणूस लागतो कशाला? याला बाहेर काढा की, दोघं दोघं जातील.

मामांनी ते ऐकलं. बोलणं खोटं नव्हतं. लिफ्टमध्ये जागा दोघांची, त्यातली एक आपण अडवून बसलोय. पावलंही आपणच चिकटवली. याला म्हणतात आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. नोकरी गेली की खोली गेली. बायकोला कुठे आणायचं? अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला दारात तरी कोण उभं करणार? त्यानंतर त्यांनी मजल्यांचे आकडे उच्चारणंही सोडलं. आपण आहोत हे जितकं कमी कळेल तितकं बरं.

एक वाजता मॅनेजरसाहेब आले. तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती. दारापासून चार हात लांब उभे राहून ते म्हणाले, उद्यापासून दोन-दोन साहेब सोडायचे, एकेक नाही चालणार.

मामांना पुढचं ऐकायचंच नव्हतं. ते घाईघाईने बोलू लागले.

“साहेब, मी दोघांना आत उभं करतो, दार लावतो, आणि जिन्याने वर येऊन दार उघडतो. नऊ मजले चढेन. पण मला काढू नका.”

मॅनेजरसाहेबांना हसू आलं. माणूस वाईट नव्हता, कधी कुणाला टाकून बोलला नव्हता. त्यांनी मामांना धीर दिला. तुम्हाला कोण काढतंय? साहेब लोकांनी बटणांना, दाराला हात लावायचा नाही असं वरून आलंय, मग ते कोण लावणार? तुम्ही तर पाहिजेच. रोजच्यासारखे आत थांबा, ते दोघं पावलांवर उभे राहतील.

मामांचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले. नोकरी राहिली, खोली राहिली, बायको येईल. मग त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली. इतक्या भल्या माणसावर आपल्यामुळे ठपका यायला नको, असं त्यांना मनापासून वाटलं.

“पण साहेब, मग तीन होतील.”

मॅनेजरसाहेबांनी लिफ्टमध्ये डोकावून पाहिलं. पिवळ्या पावलांची एक जोडी, दुसरी जोडी, मध्ये उभे मामा. त्यांना खरोखरच कळेना.

“तिसरं कोण?”